ओठ आणि शब्द

बोलणाऱ्याचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आला, किंवा शब्द आधी आणि ओठ मागून, तर खरे बोलणारा माणूसही पडद्यावर हास्यास्पद दिसतो. गिरणीत आयुष्य घालवलेल्या वस्तीतल्या आजी-मावश्यांच्या मुलाखतींचा 40 मिनिटांचा माहितीपट आम्ही कार्यकर्त्यांनी वर्गणीतून तयार केला. एका चित्रपटगृहात सकाळचा खेळही ठरला. पण थिएटरसाठी तयार होऊन आलेली प्रत लावून पाहिली, तर पहिल्याच मिनिटाला आवाज चित्राच्या पुढे पळू लागला. शेवटच्या मावशी नवऱ्याच्या मृत्यूबद्दल सांगत होत्या, पण तेव्हा आवाज केव्हाच संपला होता!

“मशीनचा दोष आहे,” असे उत्तर मिळाले. मी कारकून माणूस, हिशोबाशिवाय पटत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आमचा कॅमेरा सेकंदाला 25 चित्रे घेतो. चित्रपटगृहात बहुधा सेकंदाला 24 चित्रे दाखवतात. 40 मिनिटांची चित्रे झाली 60,000. ती 24 च्या गतीने दाखवायला 2,500 सेकंद लागतात, म्हणजे 41 मिनिटे 40 सेकंद. आवाज मात्र 40 मिनिटांचाच राहिला. फरक पडला 100 सेकंदांचा! दोष मशीनचा नव्हता. चित्राची गती बदलली, आवाजाची बदलायची राहिली.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक मंडळे आज असे माहितीपट करतात, म्हणून ओळखण्याची युक्ती सांगतो. चित्रण सुरू करताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, संपताना दुसरी. तयार प्रतीत दोन्ही टाळ्यांना फरक सारखाच असेल, तर आवाजाची पट्टी तेवढी पुढे-मागे सरकवली की भागते. फरक वाढत गेला असेल, तर गती जुळलेली नाही. मग आवाज चित्राइतकाच लांबवावा लागतो. नुसता लांबवला तर तो किंचित जाड होतो, म्हणून स्वर कायम ठेवून लांबवायला सांगावे. मावशींचा आवाज मावशींचाच राहिला पाहिजे.

मोबाईलवर चित्रण केले असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. अनेक मोबाईलमध्ये चित्रांची गती मध्येच कमी-जास्त होते. संकलनापूर्वी ती एकसारखी करून घ्यावी.

तपासणी मधल्या रांगेत बसून करावी. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. पडद्यापासून 17 मीटरवर तो सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोहोचतो. मागच्या रांगेतला एवढा फरक नैसर्गिक आहे.

आमची प्रत दुरुस्त झाली. खेळाला मावश्या नातवंडांसह आल्या. कोणी हसले नाही, उलट अनेकांनी डोळे पुसले.

तेव्हा प्रत हाती आली की पहिली दोन मिनिटे पाहून समाधान मानू नका. शेवटची पाच मिनिटे अवश्य पाहा. वर्गणी आपल्या घामाची असते आणि पडद्यावरचा शब्द आपल्या माणसांचा.