एक जूनचे गुरुजी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत ३१ मे रोजी संध्याकाळी डोकावा, हार-नारळांची आणि पेढ्यांच्या बॉक्सांची गर्दी दिसेल. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. आणि खेड्यात शाळेत गेलेली आमच्या पिढीतली कितीतरी माणसं कागदोपत्री १ जूनलाच जन्मली आहेत. मीही त्यातलीच. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून मी २०२५च्या ३१ मेला घरी आले आणि त्याच पावसाळ्यात, मला ती तारीख लावून देणारे गुरुजी पाटणला वारले.

शोकसभेला मी मागच्या रांगेत बसले होते. ज्ञानयज्ञ, दीपस्तंभ, पिढ्या घडवल्या, सगळं झालं. एकजण म्हणाला, गुरुजींचा मार खाल्ला म्हणून आम्ही घडलो. टाळ्या पडल्या. आमच्या वर्गातला एक पोरगा निरगुडीच्या फोकाला भिऊन तिसरीतून गेला तो परत शाळेची पायरी चढला नाही. तो अर्थातच सभेत नव्हता. खरं सांगायचं तर शिकवायला गुरुजी साधारणच होते. पाढे, शुद्धलेखन आणि कित्ता यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विज्ञानाचा धडा मात्र ‘घरी वाचा’ म्हणून उलटून टाकायचे. चार वर्ग एकाच खोलीत, एकटा माणूस, त्यात जनगणना, मतदारयाद्या, कुटुंबनियोजनाची कामं. कोण किती शिकवणार?

त्यांचं खरं काम होतं ते जनरल रजिस्टरात. त्याच्याबद्दल सभेत कोणी चकार शब्द काढला नाही.

हेळवाकच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मे महिन्याच्या अखेरीला गुरुजी छत्री काखेत मारून घरोघर फिरायचे. दाखलपात्र पोरं हुडकायची, नाव घालायचं. जन्माची नोंद बहुतेक घरांत नसायचीच. मग अंगणात बसून उलटतपासणी. ‘पोर कधीचं?’ ‘भात लावणीचं.’ ‘कुठल्या साली?’ इथे गाडी अडायची. आमच्या खोऱ्यात त्याला एक तोड होती. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो कोणी विसरलेलं नव्हतं. कोयनानगर तर जमीनदोस्तच झालं होतं. गुरुजी विचारायचे, ‘भूकंपाला पोर काय करत होतं?’ पोटात होतं, पाळण्यात होतं, रांगत होतं, पाण्याच्या कळशीला धरून उभं राहत होतं... आयांना तेवढं लख्ख आठवायचं. त्यावरून गुरुजी महिने मोजत मागे जायचे.

माझी आई म्हणाली, ‘नुकती पालथी पडत हुती, गुरुजी. बेंदराच्या आदल्या दिवशीची हाय ती.’

गुरुजींकडे दाते पंचांगांचे जुने गठ्ठे होते. बेंदूर कधीचा, हे त्यांनी चुटकीसरशी काढलं असतं. कदाचित काढलंही असेल. पण आषाढातला जन्म धरला तर १९७३च्या जूनला मला सहा पुरी होत नव्हती, आणि वर्षभर घरी राहिलेली मुलगी पुढच्या वर्षी गुरांमागे जाते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं : १ जून १९६७. अंकी आणि अक्षरी. माझे वडील हळूच म्हणाले, ‘एखाद-दोन साल कमी लावा की, पुढं नोकरीला बरं पडंल.’ गुरुजी म्हणाले, ‘आधी शाळेत तर येऊ द्या तिला.’ त्या एका तारखेपायी निवृत्तीच्या वेळी माझा दोन महिन्यांचा पगार बुडाला. नाहीतर मी ३१ जुलैला सुटले असते. पण त्यांनी खरी तारीख लिहिली असती, तर बुडायला पगारच नसता.

नियमाने पाहिलं तर ही खोटी नोंद. लेखा विभागात जन्म गेल्यामुळे मला हे चांगलं कळतं. कागदावर एक आणि मनात एक असलेल्या माणसांच्या फायली मी पुष्कळ अडवल्या आहेत. पण जन्मतारखेच्या रकान्याबाहेर गुरुजींनी एक अक्षरही मनचं घातलं नाही. आमच्या वाडीत मुलींना घरात ‘बाय’, ‘चिंगी’, ‘नकोशी’ अशा हाका मारत. ‘नकोशी’ हे नाव ते रजिस्टरात चढवत नसत. आईला तिथंच बसवून दुसरं नाव काढायला लावायचे, आणि ते तिच्या तोंडूनच यायला हवं, असा त्यांचा हट्ट. स्वतः सुचवायचे नाहीत.

रजिस्टराला ते जपायचे ते कसं! भूकंपात शाळेच्या भिंती बसल्या, कौलं आत आली. सकाळी उजाडल्यावर, आधी पोरं मोजून झाल्यावर, त्यांनी कौलांखालून पत्र्याची पेटी उकरून काढली. तिच्यात दाखल-खारीजची जुनी पुस्तकं होती. पुढे शेडमध्ये शाळा भरू लागली तेव्हा पाऊस आत यायचा. पेटी टेबलावर आणि गुरुजी खाली पोत्यावर.

ते स्वतःही १ जूनचेच. १९३४ साल. त्यांच्याही गुरुजींनी तसंच केलेलं. व्हर्नाक्युलर फायनल होऊन ते स्कूल बोर्डाच्या नोकरीला लागले, १९६२ला जिल्हा परिषदा आल्यावर तिकडे वर्ग झाले आणि १९९२च्या ३१ मेला निवृत्त. मधे १९७७-७८चा ५४ दिवसांचा संप त्यांनी पूर्ण पाळला. दुकानदाराची उधारी फिटायला पुढे बराच काळ गेला. सभेत हेही कोणी बोललं नाही. दीपस्तंभ संपावर जात नसावा.

निवृत्तीनंतर पाटणला, केरा आणि कोयनेच्या संगमापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, दोन खोल्यांत राहिले. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या यादीवर सही करायला जायचे. ‘आपण आहोत हे आपणच लिहून द्यायचं, तेही वळणदार अक्षरात,’ म्हणून हसायचे.

मग २०२३चा हिवाळा आला. कुणबी नोंदी शोधायला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि १९६७पूर्वीच्या कागदांना एकाएकी सोन्याचा भाव आला. शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. त्यातली काही मोडीत, आणि मोडी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गुरुजी लहानपणी मोडी शिकलेले. लोक मोबाइलवर पानांचे फोटो घेऊन दारात उभे राहू लागले. मी रविवारी गेले की फोटो मोठा करून त्यांच्या भिंगासमोर धरायचं काम माझं. जे लिहिलंय तेच ते वाचायचे. एका गृहस्थाने आजोबांच्या नावापुढचं अक्षर ‘कु’ आहे असं पुन्हापुन्हा सांगून पाहिलं. गुरुजींनी भिंग त्याच्याच हातात दिलं. ‘तुम्हाला दिसत असेल तर तुम्ही लिहून घ्या. माझी सही नाही.’ तो चिडून गेला. दुसऱ्या एकाची नोंद सापडली तेव्हा तो पाया पडला, पाकीट ठेवू लागला. आक्कांनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, ते दारातच परत केलं. गुरुजी तोवर पुढचं पान बघत होते.

गुरुजी गेल्यावर आक्कांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज मीच भरला. ८० वर्षांपुढे वाढीव रक्कम मिळते, तेव्हा वयाचा पुरावा लागतो. आक्कांचं आधार कार्ड पाहिलं, तर जन्म १ जानेवारी. मी चमकले. सगळ्या खोऱ्याला तारखा वाटणाऱ्याच्या घरात हे?

‘आक्का, तुमची तारीख गुरुजींनी कधीच काढली नाही?’

‘मी शाळंत कुठं गेले? रजिस्टराबाहेरच्या माणसाची तारीख ते काय म्हणून लावतील?’ आक्का म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘आधारवाल्या पोरानं विचारलं, वय किती. मी म्हटलं, ह्यांच्याहून सात-आठ सालांनी धाकटी. त्यानं घातली आपली कायतरी.’

१ जानेवारी १९४२. त्या हिशेबानं ८० केव्हाच पूर्ण झालेली. मी झेरॉक्स जोडली, साक्षांकित करून घेतली आणि अर्ज आवक-जावकच्या खिडकीत दिला. दोन महिन्यांनी रक्कम खात्यावर आली, वाढीव भागासकट.