निष्काळजीपणा आणि नुकसानभरपाई

आधी 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार आणि नोव्हेंबर 2025 पासून 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, काम करताना आणि कामामुळे अपघात झाला की भरपाईची जबाबदारी मालकावर येते. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपवाद मोजके आहेत. दुखापतीमुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काम अडले नाही, तर भरपाई नाही. कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले, तरीही नाही. मात्र मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर मालकाला या तीन सबबीही सांगता येत नाहीत. घाई, डुलकी, विसर, म्हणजे साधा निष्काळजीपणा, या यादीत कुठेच नाही.

तरीही अपघाताच्या अहवालात पहिला शब्द पडतो तो निष्काळजीपणाच. 2022 मध्ये भोसरीच्या एका कारखान्यात प्रस्तुत लेखकाच्या डाव्या तर्जनीची दोन पेरे पॉवर प्रेसखाली गेली. तो ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येण्याआधीच ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असे लिहून अहवाल तयार होता.

त्या प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येई, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर राहत. डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसून वर चिकटपट्टी लावलेली होती. ती पट्टी जुनी होती. तिच्या कडा ग्रीसने काळ्या पडल्या होत्या. तिन्ही शिफ्टचे ऑपरेटर तसेच काम करत, कारण दोन्ही हातांनी बटणे दाबून टार्गेट पुरे होत नसे. सुपरवायझर दर तासाला त्याच प्रेससमोर उभा राहून जॉब मोजून नेई. पट्टी काढा, असे त्याने एकदाही म्हटले नाही. अपघातानंतर सकाळी ती काढली गेली, बटण कापडाने पुसले गेले आणि मग फोटो घेतला गेला. हा फोटो अहवालाला जोडला होता. त्यात बटण नव्यासारखे चकचकीत दिसते.

पट्टी मुळात कोणी लावली, हे कोणालाच सांगता आले नाही. साधन कामगारानेच जाणूनबुजून निकामी केले, हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते. शिवाय तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 नुसार यंत्राचे धोकादायक भाग संरक्षित ठेवणे हे कारखानदाराचेच काम होते. एवढे असूनही लेखकाला स्वतःला पूर्ण निर्दोष म्हणवत नाही. पहाटे चार वाजता डायमध्ये हात होता तो त्याचाच, आणि उजवे बटण दाबले तेही त्यानेच. हा दोष त्याच्या मनातून गेलेला नाही. भरपाईच्या कायद्याला मात्र तो विचारायचाच नाही.

कंपनीने 40,000 रुपये आणि ‘माझी काहीही तक्रार नाही’ असा टाइप केलेला कागद पुढे केला. पगार 21,000 च्या वर गेल्यामुळे लेखक ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या बाहेर होता. म्हणून भरपाईचे देणे थेट कंपनीचे होते. तेव्हाच्या 1923 च्या कायद्याने हिशेब असा: पगार कितीही असला तरी धरायची मर्यादा 15,000 रुपये, त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, वय 30 असल्याने गुणक 207.98, तर्जनीच्या दोन पेरांसाठी 11 टक्के. एकूण सुमारे 2,05,900 रुपये, आणि उपचाराचा खर्च वेगळा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल असे. हे ठाऊक नसल्याने लेखक सही करणारच होता. शेजारच्या खाटेवरच्या कामगाराने त्याचा हात धरला.

त्या कायद्याखाली दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागे. महाराष्ट्रात तो कामगार न्यायालयात चाले. रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये एका सुताराच्या दाव्यात ठरवले. महिनाभरात ती दिली नाही तर 12 टक्के व्याज लागे. लेखकाला रक्कम व्याजासह मिळाली, पण त्यासाठी पट्टीबद्दल एका सहकाऱ्याला साक्ष द्यावी लागली, आणि पुढच्याच महिन्यात त्याची दुसऱ्या खात्यात बदली झाली. अशी साक्ष कोणावर लादली जाऊ नये. म्हणून अपघात होताच एकाने जखमीला दवाखान्यात न्यावे आणि दुसऱ्याने, कोणी कापड घेऊन येण्याआधी, यंत्राचा फोटो काढून ठेवावा.