अभयदान

यंदा दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळानं औषधदानाचा कार्यक्रम ठरवला. खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत सहावी ते आठवीच्या मुलींना सॅनिटरी पॅड द्यायचे. आहार, औषध, ज्ञान, अभय या चार दानांत औषधदान आहेच, त्यामुळे कुणी नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. पैसे दोन दिवसांत जमले. एकीनं आईच्या स्मरणार्थ दिले, दुसरीनं नातीच्या वाढदिवसाचे.

आदल्या दिवशी मंदिरामागच्या हॉलमध्ये पाकिटं भरायला बसलो. आठ पॅडचा पुडा, एक साबण आणि चड्ड्यांचा एक जोड. चड्ड्या शाळेतल्या बाईंनी सांगितल्या होत्या. पॅड चिकटवायला आधी ती हवी, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

कामाला सगळ्यांत हौशी म्हणजे आमच्या शेजारची नवी सून. तीच दिसेना. बाहेर जाऊन बघते तर फाटकाबाहेर छत्री धरून उभी.

"काकू, मला सकाळीच अडचण आली वो. मी आत येत नाही. खोकी इकडं द्या, रिक्षात बसून भरते."

"असू दे, तू घरी जा. पाकिटांना हात नको लावूस," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

ती हसली. "पॅडला मी शिवले तर पॅड विटाळतंय काय वो काकू?"

आणि गेली. आमचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. मी परत येऊन पाकिटं मोजायला लागले. तीनदा मोजली, तिन्ही वेळा आकडा वेगळा.

दुसऱ्या दिवशी शाळेत फ्लेक्स, हार, शाल, श्रीफळ सगळं झालं. एकेका मुलीला पुढं बोलावून पाकीट द्यायचं आणि फोटो काढायचा, असं चाललं होतं. मुली पाकीट घेत होत्या नि लगेच ओढणीखाली लपवत होत्या. एक मुलगी तर पुढं यायलाच तयार नाही. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तिला पाकीट पाहिजे आहे, पण फोटो नको आहे." मग फोटो थांबवले. गुरुजी नि इतर पुरुष मंडळी चहाला गेली, दार लोटलं.

तेव्हा बाईंनी विचारलं, "अक्का, आठ पॅड किती दिवस पुरायचे?"

हिशेब साधा होता. चार-सहा तासांनी बदलायचा म्हटलं तर एका पाळीला पंधरा-वीस लागतात. म्हणजे आमचं दान फार तर दोन दिवसांचं. जनऔषधी केंद्रात 2019 पासून 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतो. एका मुलीचा महिना वीस रुपये, वर्ष दोनशे चाळीस. आमच्या फ्लेक्सला दीड हजार गेले होते. सहा मुलींचं अख्खं वर्ष तिथं भिंतीवर वाऱ्यानं फडफडत होतं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "आम्ही कापड वापरतो. पावसात वाळतच नाही. आत साडीखाली घालतो वाळत, कुणाला दिसू नये म्हणून. तसंच ओलं घेतो."

चाळीस वर्षांपूर्वी मीही तेच करत होते. खानापूरकडचा पाऊस तोच, लाजही तीच. कापड वाईट नसतं. सुती, स्वच्छ, साबणानं धुतलेलं नि उन्हात खडखडीत वाळलेलं असलं तर चालतं. पण ऊन पाहिजे, आणि उन्हात घालायचं तर भीती सोडायला पाहिजे.

मी भाषण लिहून नेलं होतं. ते पर्समध्येच ठेवलं आणि स्वतःचं सांगितलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला महिन्यातले दहा-बारा दिवस जात होतं. "ह्या वयात सगळ्याच बायकांना होतं," असं मीच मला सांगत होते. त्यात उपवासही सोडले नाहीत. एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडले. तपासलं तर हिमोग्लोबिन 6.8. बायकांचं 12 तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, दिवसाला किती पॅड भिजतात? वर्षभर घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं, मी कुणाला सांगितलंच कुठं होतं? गर्भाशयात गाठी निघाल्या.

मुली ऐकत होत्या. मग एकेक बोलायला लागली. कुणाचं पोट इतकं दुखायचं की शाळा बुडायची. कुणी म्हणाली, संडासात पाणी नसतं म्हणून त्या दिवसांत सकाळपासून पाणीच पीत नाही. आमच्या पाकिटात ह्यावर काही नव्हतं. बाईंनी पाण्याचं लिहून घेतलं, मंडळानं पिंप आणि नळजोडणीचा खर्च उचलायचं ठरवलं.

परत येताना गाडीत मला चौथं दान आठवत राहिलं. अभयदान म्हणजे जीव वाचवणं, एवढंच आजवर समजत आले. डाग पडेल, कुणी बघेल, कुणी विचारेल, ही भीती घालवणं त्यातच येत असणार. आणि आदल्या दिवशी फाटकाशी मी नेमकी ती भीती वाढवून आले होते.

मंदिराचा नियम मी आयुष्यभर पाळला. आज तो मोडा म्हणायचं धाडस माझ्यात नाही. पण साबणाची नि पॅडची खोकी भरायला मंदिरच कशाला लागतं? माझी पडवी काय लहान आहे?

क्षमावाणीच्या दिवशी आपण गावभर क्षमा मागत फिरतो, ज्यांचं काही बिघडवलं नाही त्यांचीही. यंदा मी आधी शेजारी गेले. ती गॅसपाशी होती.

"उत्तम क्षमा. त्या दिवशी फाटकात जे बोलले, त्याची," मी म्हटलं.

ती गडबडली. "अहो काकू, तुम्ही काय माझी क्षमा मागता?" मग गॅस बारीक करून म्हणाली, "पुढच्या महिन्याची पाकिटं कधी भरायची?"

"रविवारी. माझ्या पडवीत."

"आणि मला अडचण असली तर?"

"तर चहा मी करते. तू मोजायला बस. माझा आकडा चुकतो."