केमचे कुंकू आणि कबड्डीचा हंगाम

सोलापूरहून दौंडकडे निघालेली गाडी कुर्डुवाडी सोडते, ढवळस मागे टाकते आणि मग केम येते. जलद गाडीतल्या प्रवाशाला पाटीवरचे नाव वाचायलाही सवड मिळत नाही. पण वाचकहो, आपल्या देवघरातल्या करंड्याला हे गाव ठाऊक असण्याचा पुष्कळ संभव आहे. करमाळा तालुक्यातले हे केम कुंकवाचे गाव. पंढरपूर-तुळजापूरच्या दुकानांतून लाल ढिगांचे जे डोंगर दिसतात, त्यांचे मूळ पुष्कळदा इथे असते.

मी गेलो होतो तो मात्र कबड्डीसाठी. आमच्या कॉलेजात क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती. आणि रिकामी जागा व मराठीचा प्राध्यापक यांचा आमच्याकडे जुना स्नेह आहे. संघ माझ्या स्वाधीन झाला.

माझा भाचा अमेरिकेत, मिशिगनला असतो. तिकडचा कॉलेजचा फुटबॉल म्हणजे चेंडू छातीशी धरून पळायचे आणि समोरच्याने अंगावर झेप घ्यायची. असा पहिला आंतरकॉलेज सामना १८६९ साली झाला म्हणतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजार माणसे बसतात, आणि २०२१ पासून खेळाडू-विद्यार्थ्यांना आपल्या नावावर पैसेही मिळवता येतात. आमच्याही खेळात माणसाने माणसाला धरायचेच असते. फक्त चेंडू नाही, पैसे नाहीत, आणि प्रेक्षक म्हणजे तास चुकवून आलेली मुले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला होता, हे मी मुलांना सांगितले. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले.

आमचा कर्णधार केमचा. हंगाम तोंडावर आला आणि हा सरावाला येईनासा झाला. म्हणून मी गाडीत बसलो.

उत्तरेश्वराचे दर्शन घेऊन घर विचारीत गेलो. ओसरीवर, पायरीवर, मांजराच्या पाठीवरसुद्धा लाली. कर्णधाराची आजी म्हणाली की पूर्वी हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस लावून कुंकू करीत. पिवळ्याचे लाल होताना बघत बसावेसे वाटे. आता पिठात रंग कालवतात, काम झटपट होते. पुड्या बांधायला मात्र हातच लागतात, आणि अडचण तिथेच होती. नवरात्र म्हणजे कुंकवाची सुगी. आंतरमहाविद्यालयीन सामनेही नेमके त्याच दिवसांत.

"पोरगं खेळतंय ते ग्वाड वाटतंय, सर," वडील म्हणाले, "पण नवरात्रात दोन हात कमी पडलं की व्यापारी फुडच्या वर्षी दार बदलतोय."

यावर कोणता उपदेश करायचा? मी चहा पीत राहिलो. शेवटी आतून आईचा आवाज आला, "रात्री बांधू दे की पुड्या. दिसभर खेळू दे."

तसे ठरले. पहाटे मैदान, दिवसा कॉलेज, रात्री कुंकू. झोप कुठे बसवली होती हे मी विचारले नाही.

आमची मुले मातीवर शिकलेली. सामने मॅटवर. मातीत अनवाणी पायाची बोटे रुतवून जोर घ्यायची सवय. मॅटवर बूट घालावे लागतात आणि गुडघा घासला की कातडी जाते. शहरातल्या संघांकडे स्वतःची मॅट असते. तरीही पहिला सामना जिंकलो, दुसऱ्यात समोरच्यांवर दोन लोण चढवले.

उपांत्य सामन्याआधी पंचांनी मुलांची नखे व तळहात तपासले. अंगाला तेलकट किंवा निसरडे काही लावलेले चालत नाही. कर्णधाराचे दोन्ही तळवे लाल. पंचांनी हात धुऊन यायला सांगितले. तो तीनदा धुऊन आला, रंग तसाच. अखेर पंचांनी स्वतःचा रुमाल त्याच्या तळव्यावर घासून पाहिला. रुमाल पांढराच राहिला, तेव्हा आत सोडले.

शेवटच्या मिनिटाला सत्तावीस-सत्तावीस. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. ती तिसरी चढाई कर्णधाराची होती. डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला. लाल हात मध्यरेषेकडे पुरा ताणलेला, आणि रेषा वीतभर पुढे. आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या गाडीत कोणी बोलले नाही. केमला तो उतरला, तेव्हा फलाटावर वडील सायकल घेऊन उभे होते. त्यांनी निकाल विचारला नाही. तो चेहऱ्यावर होताच. मला म्हणाले, "आता कार्तिकीची मागणी हाय पंढरपूरची. विद्यापीठाच्या संघाची निवड कवा असती, सर? तेवढी तारीख आधी सांगा. पुड्या मागंपुढं करता येतील."

तारीख मी त्यांना कागदावर लिहून दिली.