मांडव्याकडील एक पायवाट

गेल्या पौषांत एका जुन्या स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब अष्टागरांत जाऊन आलों. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर मोटारीसह जहाजांत चढावें आणि तासाभरांत मांडव्यास उतरावें, ही सोय १५ मार्च २०२० पासून झाली आहे. खुष्कीच्या मार्गानें हाच प्रवास शंभर किलोमीटरांच्या घरांत जातो. गुडघेदुखीनें जेरीस आलेल्या आमच्यासारख्यांनीं त्या जहाजास दुवा द्यावा, तेवढा थोडाच.

मांडव्यास उतरतांच दोन प्रकारच्या नौका दृष्टीस पडतात. एकीकडे धनिकांच्या शुभ्र क्रीडानौका नांगरून पडलेल्या. दुसरीकडे कोळी बांधवांच्या रंगीत होड्या. दोहोंस पाणी एकच, वारा एकच. परंतु कांठावरची जागा मात्र दोघांस पुरेशी राहिलेली नाहीं, हें आम्हांस पुढें कळलें.

स्नेह्यांचें गांव बंदरापासून कोसभर. लाल मातीचा रस्ता, दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचीं जोतीं आणि विहिरीवर वाकलेलीं जास्वंदीचीं झाडें. मागील दारीं उभें राहिलें कीं समुद्राची गाज ऐकूं येते. आमच्या स्नेह्यांची वाडी आणि शेजाऱ्यांची वाडी यांमधून एक अरुंद पायवाट थेट पुळणीपर्यंत जाते. कोळणी माशांच्या पाट्या घेऊन याच वाटेनें येतात. गांवचे गणपति याच वाटेनें विसर्जनास जातात. ती जमीन कागदोपत्रीं शेजाऱ्यांची, वहिवाट मात्र साऱ्या गांवाची.

भोजनोत्तर ओटीवर पान जमवीत असतां यजमान म्हणाले, "मास्तर, तुम्ही ज्या जहाजाची स्तुति करतां, त्यानेंच आमच्यांत फूट पाडली. मुंबई जवळ आली आणि शेजारी दूर गेला."

हकीकत अशी. शेजाऱ्यांस आपली वाडी शेतीच्या विभागांतून काढून पर्यटनाच्या विभागांत घालावयाची आहे. तेथें अतिथिगृह व्हावें, खाडीच्या तोंडाशीं क्रीडानौकांस धक्का मिळावा, असा बेत. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणें अशा बदलापूर्वीं लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. आणि त्या हरकतीच्या कागदावर सही कोणी करावी, यावरून गांवांत दोन तट पडले आहेत.

भर घालण्यास किनाऱ्याचा कायदा आहेच. १९९१ सालच्या अधिसूचनेनें भरतीच्या उच्चतम रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखालीं आला व ग्रामीण भागांत त्यांतील पहिले २०० मीटर बांधकामास वर्ज्य ठरले. २०१९ च्या अधिसूचनेनें, जेथें दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक वस्ती आहे अशा ग्रामीण भागांपुरतें, हें अंतर ५० मीटरवर आणलें. विरळ वस्तीच्या ठिकाणीं २०० मीटर कायम ठेवलें. तेव्हां ओटीओटीवर आतां मीटरांचे हिशेब चालतात.

यजमानांची बाजू आम्हांस प्रथमदर्शनींच पटली. गोड्या पाण्याचा थर येथें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. पंपानें फार उपसा झाला कीं खालचें खारें पाणी वर चढतें आणि विहीर नासते. शिवाय फाटक लागलें कीं पायवाट गेली. दुसरे दिवशीं शेजारी आपण होऊन भेटीस आले. आम्हांस वाटलें, गृहस्थ पैशाचे लोभी असतील. ते आम्हांस वाडींत घेऊन गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें मोडलेल्या पोफळींचे बुंधे अद्याप तसेच होते. "पोफळ लावल्यापासून फळास सहा-सात वर्षें लागतात," ते म्हणाले. "मी सत्तरीचा. पाडेली मिळत नाहीं, मुलगे परत येत नाहींत. गांवाची शोभा राहावी म्हणून मीच एकट्यानें पडकी वाडी सांभाळावयाची काय?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पडकी वाडी दुरून रम्य दिसते; तिचा सारा मात्र पाहुणा भरीत नाहीं.

कोळीवाड्यांतही एकमत नाहीं. म्हाताऱ्यांस होड्या ओढण्यास व जाळीं वाळविण्यास पुळण हवी; तरुणांस क्रीडानौकांवरील नोकरीची आशा.

याज्ञवल्क्यस्मृतींत सीमाविवादाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. हद्दीचा तंटा पडल्यास भोंवतालच्या शेजाऱ्यांनीं, वृद्धांनीं व गुराख्यांनीं झाडें, वारुळें, कोळसा, कोंडा अशा खुणांवरून सीमा ठरवावी, असा तेथें निर्बंध आहे. शाळेंत असतां तें प्रकरण आम्हांस रुक्ष वाटे. या वाडींत उभें असतां त्यांतील मर्म ध्यानीं आलें. जमिनीचा पहिला साक्षी शेजारी. आणि येथें तर साक्षीच वादी-प्रतिवादी झालेले!

त्या रात्रीं आम्हीं यजमानांस भीत भीत एवढेंच सुचविलें कीं, हरकत घ्यावी, परंतु साऱ्या बदलास नव्हे. पायवाट गांवाची म्हणून नकाशावर नोंदली जावी व पाण्याच्या उपशास मर्यादा पडावी, एवढेंच मागावें. यजमान बराच वेळ अडकित्त्यानें सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "हें त्यांस सांगणार कोण? आमचें बोलणें बंद आहे."

निघण्याच्या दिवशीं पहांटे आम्ही समुद्रदर्शनास त्याच पायवाटेनें गेलों. यजमान बरोबर होते. वाटेंत बांबूचें बेडें लावलेलें होतें, आणि पलीकडे शेजारी फुलें खुडीत होते. यजमान थबकले. शेजाऱ्यांनीं परडी खालीं ठेवली, कांहीं न बोलतां पुढें येऊन बेडें काढलें व बाजूस उभे राहिले. दोघांची दृष्टि क्षणभर एकमेकांस लागली. परततांना पाहिलें, तों बेडें तसेंच उघडें होतें.

आमचें जहाज सुटलें, तेव्हां आम्हीं मागें वळून पाहिलें. इतक्या सुखकर प्रवासाचें मोल कोणी तरी दुसरा भरीत असतो, हें जातांना आमच्या मनांत आलें नव्हतें.