बडोद्याच्या बहुरूपी वास्तू

शैलीशुद्धतेचा आग्रह धरून बडोद्यात फिरणाऱ्या अभ्यासकाची पहिल्याच फेरीत पंचाईत होते; कारण येथे राजपूत छत्री, मुसलमानी घुमट, गुजराती कोरीव सज्जा आणि युरोपीय मनोरा एकाच इमारतीवर सुखाने नांदतात. १८७८ मध्ये मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार सुरू झालेला आणि १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मी विलास राजवाडा हे याचे ठळक उदाहरण होय. या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. तिच्यात मांडणी आणि सोयी युरोपीय धर्तीच्या असतात, कमानी, जाळ्या, छत्र्या हा बाहेरचा साज मात्र हिंदुस्थानी असतो. दरबार हॉलच्या खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच आहे आणि पायाखाली व्हेनिसच्या पद्धतीचे मोझाइक.

मँट १८८१ मध्येच वारले. आपले गणित चुकले असून राजवाडा कोसळणार, या धास्तीने त्यांनी जीव दिला, अशी आख्यायिका आहे. चेक प्रजासत्ताकातील प्राग शहरातही असेच घडले आहे: तेथील खगोलीय घड्याळ घडवणाऱ्या हानुश नावाच्या कारागिराने दुसरे तसे घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे फोडले, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले, प्रत्यक्षात मूळ घड्याळ १४१० मध्ये मिकुलाश या वेगळ्याच कारागिराने घडवले होते. लोकविलक्षण वास्तू दिसली की तिच्या कर्त्याच्या माथी शोकांतिका मारल्याशिवाय लोकांचे समाधान होत नाही, असे दिसते. राजवाडा मात्र जागचा हललेला नाही.

मँट यांचे अपुरे काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले. बडोदा कॉलेजसाठी त्यांनी विजापूरच्या गोल घुमटाचा आदर्श समोर ठेवला आणि आदिलशाही मकबऱ्याचे रूप विद्यार्थ्यांच्या माथ्यावर आणून ठेवले. अशा उसनवारीला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी ज्ञानाच्या बाबतीतही हेच धोरण ठेवले, हे विसरता येत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकी तज्ज्ञाला बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, त्यामुळे वरचा उजेड खालच्या मजल्यावरील पुस्तकांच्या पाठीपर्यंत झिरपतो. गायकवाड घराण्याच्या स्मृत्यर्थ बांधलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर तर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी गंगावतरण आणि मीराबाई रंगवल्या. संस्थान गेल्यावरही शहराची ही खोड गेली नाही: लष्कराच्या ईएमई दलाने १९६६ मध्ये उभारलेल्या दक्षिणामूर्ती मंदिराला ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे चकचकीत आवरण आहे आणि त्याच्या रचनेत निरनिराळ्या धर्मांची प्रतीके एकत्र आली आहेत.

या साऱ्या झगमगाटात रावपुऱ्यातील तांबेकर वाडा मागे पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चौमजली मराठी वाडा लाकडी खांब, अरुंद जिने आणि कोरीव काम यांनी नटलेला आहे. पण त्याचे खरे धन भिंतींवर आहे. कृष्णलीला, महाभारतातील प्रसंग, इंग्रज-मराठा युद्धातील देखावे आणि युरोपीय पेहरावातील स्त्रिया येथे शेजारी शेजारी आढळतात. ज्या चित्रकाराला गोपी आणि मडम एकाच छपराखाली बसवताना संकोच वाटला नाही, त्याने पुढच्या साऱ्या बडोद्याची वृत्ती मँट यांच्या आधीच भिंतीवर उतरवून ठेवली होती. मिश्रणाची हौस राजवाड्यापासून सुरू झाली, हा समज म्हणूनच टिकत नाही. वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असला, तरी राजवाड्याकडे वळणाऱ्या गर्दीच्या मानाने तेथे फारच थोडे लोक फिरकतात. बडोद्यास जाणाऱ्या मराठी वाचकाने राजवाड्याचे तिकीट काढण्यापूर्वी निदान एक सकाळ या वाड्याला द्यावी.