नोड दिसतो, पण लागत नाही

पॅकेट रेडिओवर पलीकडचा नोड लागला नाही की पडद्यावर एक मख्ख ओळ उमटते: अमक्या कॉलसाइनशी जोडणी झाली नाही. बस, एवढंच. का नाही, कुठे अडलं, दोष कोणाकडे, यातलं काहीही ती ओळ सांगत नाही. नवा हॅम, म्हणजे नवा हौशी रेडिओवाला, ती वाचून लगेच सेटिंग्जची फाइल उघडतो आणि आकडे बदलायला लागतो. चार-पाच आकडे फिरवून झाले की मूळ बिघाड कुठला आणि आपण नव्याने घातलेला कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मी नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेजवळ राहतो. इथल्या हॅम मंडळींनी घरोघरी नोड उभारून एक जाळं विणलंय, त्याचं नाव टार्पन. घरात एक रास्पबेरी पाय, त्याला जोडलेले छोटे टीएनसी (संगणक आणि रेडिओ यांच्यामधले दुभाषे), तितकेच रेडिओ, आणि एकेका रेडिओची अँटेना एकेका शेजाऱ्याच्या घराकडे रोखलेली. निरोप या घरातून त्या घरात उड्या मारत जातो. मध्ये इंटरनेट नाही, मोबाइलचा टॉवर नाही. संगणकातले शून्य-एक दोन स्वरांत बदलायचे, एक 1200 हर्ट्‌झचा आणि एक 2200 हर्ट्‌झचा, ते हवेत सोडायचे आणि पलीकडे त्यांची पुन्हा अक्षरं करायची, हा मूळ कारभार. वेग सेकंदाला 1200 बिट. आता जास्त वेगाचे प्रकारही आलेत, पण सामाईक चॅनेलवर अजून हेच चालतं.

पुण्याचे नातेवाईक विचारतात, व्हॉट्सॲप असताना हे कशाला? त्यांना मी 2024 च्या सप्टेंबरातलं हेलीन वादळ सांगतो. राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत फोन, वीज, फायबर सगळं बसलं होतं आणि माउंट मिचेलवरच्या रिपीटरवर हॅम लोक एकमेकांचे निरोप पोचवत होते. अर्थात ते बोलण्याचं काम होतं, पॅकेटचं नव्हे. आणि खरं सांगायचं तर मी वादळासाठी नोड चालवत नाही. मला बिघाड शोधायला आवडतो.

या छंदाला वय आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांचं अलोहानेट 1971 मध्ये सुरू झालं, माँट्रियलच्या हॅम मंडळींनी 1978 मध्ये हौशी बँडवर पॅकेट पाठवून पाहिलं, पुढे ॲरिझोनातल्या टूसॉनच्या गटाने टीएनसी घराघरांत नेला. आज आमच्या नोडवर जॉन वाइझमन या ब्रिटिश हॅमचं बीपीक्यू हे सॉफ्टवेअर चालतं. एवढा इतिहास पुरे.

नोड लागत नसेल तर रेडिओ बोलताना लागणाऱ्या लाल दिव्याकडे मी पहिल्यांदा बघतो. कनेक्टचा हुकूम दिल्यावर तो लागतो का? हसू नका. चॅनेल मोकळं आहे की नाही हे टीएनसी आधी बघतो आणि मगच बोलतो. खरखर दाबून ठेवणारा स्क्वेल्च उघडा राहिला आणि टीएनसी त्याच्याच भरवशावर असला, तर नुसती खरखर ऐकूनही त्याला वाटतं की कोणीतरी बोलतंय. मग तो सभ्यपणे थांबतो, थांबूनच राहतो, आणि शेवटी पडद्यावर तीच मख्ख ओळ येते. फ्रेम घराबाहेर पडलेलीच नसते आणि आपण पलीकडच्या माणसाला फोन करून त्याची अँटेना तपासायला लावतो.

दिवा लागत असेल तर मॉनिटर उघडायचा. हवेतली प्रत्येक फ्रेम तिथे ओळीने दिसते. जोडणी मागणारी फ्रेम म्हणजे एसएबीएम. तिला होकार म्हणजे यूए, नकार म्हणजे डीएम. नवशिक्याला नकार आणि शांतता एकसारखीच वाटते, कारण दोन्हीत नोड लागत नाही. माझ्या दृष्टीने डीएम आला की निम्मं काम झालं. पलीकडचा जिवंत आहे, त्याने माझं ऐकलं आणि मी त्याचं ऐकलं. म्हणजे रेडिओ, केबल, अँटेना, ऑडिओ सगळं सुटलं. आता बहुधा पलीकडचा प्रोग्रॅमच चालू नाही, नाहीतर तो आत्ता जोडणी घ्यायला तयार नाही. कॉलसाइनला 0 ते 15 पर्यंतचा एक आकडा लागतो. एकाच घरात 1 वर मेलबॉक्स आणि 7 वर नोड असं असू शकतं, आणि चुकीच्या दारावर कितीही टकटक केली तरी आतून बहुधा काहीच उत्तर येत नाही; म्हणून शांततेतही आधी तो आकडा तपासावा. शांतता असेल तर मात्र पुढचं सगळं बाकी आहे.

शांततेत माणसाला सर्वांत जास्त फसवते ती नोडची यादी. इथल्या मराठी मंडळात ओळख झालेली एक मुलगी नुकतीच परवाना मिळवून नोड चालवू लागली आहे. तिचा फोन येतो तो याच वाक्याने. "काका, यादीत तर दिसतोय तो!"

"दिसू दे गं. त्याला तू ऐकू येतेस का?"

"यादीत आहे म्हणजे येत असणारच ना?"

नाही, आणि गोम इथेच आहे. प्रत्येक नोड ठरावीक वेळाने, बहुधा तासातून एकदा, आपल्याला कोण कोण माहीत आहे ते हवेत जाहीर करतो. या जाहीर फ्रेमला पोच नसते. ज्याने ऐकली त्याने यादीत भर घालावी, इतकंच. म्हणजे मी एखाद्याची घोषणा ऐकली की तो आणि त्याच्या ओळखीचे सगळे माझ्या यादीत येऊन बसतात, मग त्याला माझा आवाज एकदाही पोचलेला नसला तरी. शिवाय यादी लवकर विसरत नाही. प्रत्येक नावाला एक आकडा असतो, बहुतेक ठिकाणी 5 किंवा 6 ने सुरू होणारा. पुढची घोषणा ऐकू आली नाही की दर तासाला तो एकाने उतरतो, शून्य झाला की नाव पुसलं जातं. सकाळी बंद पडलेला नोड दुपारपर्यंत यादीत ठणठणीत दिसतो. एसटी स्टँडच्या फळ्यावर गाडी लिहिलेली आहे म्हणून ती आज सुटणार असं थोडंच असतं?

उन्हाळ्यात यावर कडी होते. माझ्या नोडचा एक पोर्ट 145.01 मेगाहर्ट्‌झच्या सामाईक चॅनेलवर आहे. रात्री हवेचे थर असे बसतात की एरवी क्षितिजावरून आभाळात निघून जाणारी लहर जमिनीला धरून लांबवर येते, आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्याकडचा एखादा नोड शेजारी असल्यासारखा ऐकू येतो. त्याची घोषणा माझ्या नोडने टिपली की गणित बिघडतं. प्रत्येक लिंकला 0 ते 255 मधली गुणवत्ता दिलेली असते. समजा ती सगळीकडे 192 आहे. थेट शेजाऱ्याचा मार्ग 192 चा. दोन टप्प्यांचा असेल तर 192 गुणिले 192 भागिले 256, म्हणजे 144. तीन टप्प्यांना 108, चार टप्प्यांना 81. किनाऱ्याकडच्या नोडला जाण्याचा रोजचा, खात्रीचा मार्ग चार टप्प्यांचा आणि 81 चा. रात्री थेट ऐकू आलेल्या त्याच नोडचा मार्ग मात्र 192 चा. नोड कोणता निवडणार? उजाडल्यावर हवा निवळते, तो थेट मार्ग नाहीसा होतो, पण यादीत तो अजून पहिल्या नंबरावर. सकाळभर सगळे निरोप भिंतीवर आपटतात.

यावर उपाय साधा आहे आणि तो प्रत्येकाने करावा असं माझं ठाम मत आहे. अनोळखी शेजाऱ्याची गुणवत्ता 0 ठेवायची आणि ज्यांच्याशी खरोखर लिंक आहे तेवढेच मार्ग हाताने लिहून कुलूपबंद करायचे. यादी आपोआप भरू द्यायची हौस मला कधीच पटली नाही. तपासतानाही यादीच्या वाटेला जाऊ नये. कनेक्टमध्ये नावाआधी पोर्टचा नंबर दिला की बीपीक्यू यादी बाजूला ठेवून थेट हवेत हाक मारतं. पहिला शेजारी लागला की त्याच्याकडे जाऊन तिथून दुसऱ्याला हाक मारायची. एकेक टप्पा असा पायी चालून गेलं की तुटलेला तुकडा आपोआप समोर येतो.

तुकडा सापडला की खरी मजा सुरू होते. आता प्रश्न असा: तुटलं आहे ते दोन्ही दिशांनी, की एकाच? दोन अँटेनांमधली वाट जाता-येता सारखीच घट देते. अँटेनाच्या कोॲक्स केबलमध्ये पाणी शिरलं, अँटेना वाऱ्याने फिरली, पाइनची झाडं पावसाने चिंब झाली, तर दोघांनाही एकमेकांचं कमी ऐकू येतं. पण तो मला स्वच्छ ऐकू येतो आणि मी त्याला मुळीच नाही, असं असेल तर शिडी लावून छपरावर चढायची गरज नाही. तिथे मुख्य संशयित तीन: माझी पॉवर, माझा ऑडिओ, नाहीतर त्याच्या घरातला गोंगाट. गोंगाट म्हणजे बाजारातून स्वस्तात आणलेला चार्जर किंवा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर. आणि ऑडिओ तर बहुतेक वेळा जास्तच असतो. लोकांना वाटतं, आवाज मोठा ठेवला की लांब जाईल. एफएमवर तसं होत नाही; स्वर कापले जातात, डेव्हिएशन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचं डोलणं, वाढतं, आणि कानाला दमदार वाटणारा आवाज पलीकडच्या डिकोडरला कचरा वाटतो. 1200 च्या वेगाला तीन किलोहर्ट्‌झच्या आसपास डेव्हिएशन पुरतं. पलीकडे डिकोड व्हायला लागेपर्यंत माझ्याकडचा ऑडिओ मी हळूहळू खाली आणतो. अशा वेळी वरची दिशा मी क्वचितच धरतो.

ओल्या केबलचं एक वेगळं सोंग आहे. अँटेनाकडून परत येणारी शक्ती दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावला की आकडा उत्तम येतो, आणि माणूस केबलला निर्दोष सोडून देतो. पण पाणी शिरलेली केबल जाताना शक्ती खाते आणि परत येणारी लहरही खाते, त्यामुळे मीटरला परतीचं जवळजवळ काही दिसतच नाही. जुन्या केबलवर एसडब्ल्यूआर आधीपेक्षा सुधारला तर मला आनंद होत नाही. मी पीएल-259 कनेक्टरवरची टेप सोडवतो आणि आतली तांब्याची जाळी बघतो. लालसर चकचकीत असेल तर ठीक. काळी किंवा हिरवट झाली असेल तर तेवढं टोक कापून भागत नाही, कारण पाणी जाळीतून आत खोलवर चढलेलं असतं. ती केबल फेकायची. (खारी वरचं आवरण कुरतडतात तेही याच खात्यात जमा.)

सर्वांत जास्त फोन येतात ते आणखी एका तक्रारीचे: नोड लागतो, स्वागताची ओळ येते, पण मेलची यादी मागितली की सगळं थिजतं. लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. हिशेब करून बघा. पॅकेटच्या एएक्स.25 प्रोटोकॉलमध्ये फ्रेममधला एक बिट चुकला तरी अख्खी फ्रेम टाकून दिली जाते. समजा हजारात एक बिट चुकतो. जोडणी मागणारी फ्रेम 136 बिटांच्या घरातली. ती धड पोचण्याची शक्यता 87 टक्के. 256 अक्षरांची मजकुराची फ्रेम मात्र 2,200 बिटांच्या आसपास जाते, आणि ती धड पोचण्याची शक्यता उरते 11 टक्के. लिंक तीच, हवा तीच. म्हणून नोड लागला यावरून लिंक चांगली आहे असं मी कधी मानत नाही. राउट्सचा सविस्तर तक्ता काढून एकूण किती फ्रेम गेल्या आणि त्यांतल्या किती पुन्हा पाठवाव्या लागल्या ते बघतो. फ्रेमची लांबी कमी केली की तात्पुरता आराम पडतो, पण तो पट्टी बांधण्यातला प्रकार. टार्पनच्या टीएनसीमध्ये आय-एल-टू-पी ही पद्धत आहे. तिच्यात चुका दुरुस्त करणारी अक्षरं फ्रेमबरोबरच जातात, त्यामुळे एका बिटापायी सगळं फेकावं लागत नाही. त्याने लिंक खरोखर सुधारते. त्याने अँटेना मात्र सुधारत नाही, हे विसरू नये.

सामाईक चॅनेलवर लिंक चांगली असूनही निरोप अडतात, त्याचं कारण बिघाडात नसून भूगोलात असतं. टेकडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही मला ऐकू येतात, पण एकमेकांना नाही. दोघांनाही चॅनेल मोकळं वाटतं, दोघेही एकदम बोलतात, आणि माझ्या कानात चिखल होतो. फिल कार्न या हॅमने 1990 मध्ये यावर तोडगा सुचवला: आधी छोटी परवानगी मागायची, ऐकणाऱ्याने हो म्हटलं की मगच मोठी फ्रेम सोडायची. वाय-फायमध्ये ती कल्पना पुढे आली. टार्पनने आणखी सरळ वाट धरली. एका फ्रिक्वेन्सीवर फक्त दोन घरं, तिसरं कोणी नाहीच. रेडिओ जास्त लागतात, पैसे जास्त लागतात, आणि मला विचाराल तर प्रत्येक डॉलर वसूल होतो. टक्कर टाळण्यासाठी टायमरचे आकडे घासत बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता समर्पित लिंकवर मी ते मूळ आकड्यांवर सोडून देतो.

राहता राहिला मदत मागण्याचा रिवाज. नोड लागत नसेल तर "चालत नाहीये" एवढंच कळवू नका, आणि नोडच्या यादीचा फोटो तर मुळीच पाठवू नका. दोन्ही टोकांचा मॉनिटर एकाच वेळी चालू ठेवा, दोघांची घड्याळं जुळवा, दहा मिनिटांची नोंद घ्या आणि दोन्ही फाइली एकत्र पाठवा. एकाच टोकाची आली, तर मी दुसऱ्या टोकाची मागणारच.